काळी मोटार आणि कार्नौबाचें मेण

मेण हा पदार्थ आपल्या घरांत नवा नाहीं. दिवे गेले म्हणजे अंधारांत चांचपडत शोधावयाची मेणबत्ती, चांभाराच्या दोऱ्यास चोळावयाची वडी, हिवाळ्यांत फुटलेल्या टांचांवर लावावयाचें घरगुती मलम, अशा नाना रूपांनीं तें आपणांस भेटत आलें आहे. संस्कृतांत त्यास सिक्थ म्हणतात. आणि दुसरें एक मोठें अन्वर्थक नांव आहे, तें मधूच्छिष्ट, म्हणजे मध काढून घेतल्यावर जें उष्टें उरतें तें. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत, आधीं मेणाची मूर्ति घडवावी, तिजवर मातीचा लेप द्यावा, मेण वितळवून काढावें आणि त्या पोकळींत धातूचा रस ओतावा, अशी मूर्ति करण्याची कृति दिलेली आहे. तेव्हां मेणाचा व आपला परिचय आजकालचा नव्हे. परंतु ज्या मेणाविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत तें मधमाशीचें नव्हे. तें एका झाडाच्या पानांवर धरतें, सातासमुद्रांपलीकडून येतें, आणि आमच्यासारख्या पेन्शनर शिक्षकाच्या अंगणांत तें येऊन पोंचलें तें एका काळ्या मोटारीच्या निमित्तानें.

त्या झाडाचें नांव कार्नौबा. ब्राझील देशाच्या ईशान्य भागांत, सेआरा, पिआउई व रिओ ग्रांदे दो नॉर्ते या प्रांतांत, तें नद्यांच्या खोऱ्यांत वाढतें. जातीनें तें आपल्या ताडामाडांचें भावंड. पानें मात्र माडाच्या झावळ्यांसारखीं नसून ताडाप्रमाणें पंख्याच्या आकाराचीं. वनस्पतिशास्त्रांत या प्रजातीस कोपर्निसिया म्हणतात. १८१७ ते १८२० या काळांत ब्राझीलमध्यें हिंडून आलेल्या मार्टियस नामक जर्मन पंडितानें, पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते असें सांगणाऱ्या कोपर्निकसच्या सन्मानार्थ तें नांव ठेविलें. जेथें महिनेच्या महिने पावसाचा थेंब नाहीं, तेथें पानांतील ओल उडून जाऊं नये म्हणून हें झाड आपल्या पानांवर मेणाचा पातळ थर धरतें. कोरड्या ऋतूंत मजूर लांब काठीस कोयता बांधून तीं पानें उतरवितात, उन्हांत वाळवितात व मग झोडपतात. आतां हें काम बऱ्याच ठिकाणीं यंत्रानेंहि होतें. पानांवरचें मेण भुकटी होऊन गळतें. ती भुकटी वितळवून, गाळून, थंड करून तिचे खडे करतात. कोवळ्या, न उमललेल्या पानांचें मेण फिकट पिवळें व उंची. जुन्या पानांचें तपकिरी व हलकें. शेंडा राखून पानें तोडलीं म्हणजे झाडास अपाय होत नाहीं. पुढील वर्षीं तें पुन्हां पानें देतें.

मधमाशीचें मेण सुमारें ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतें. कार्नौबाच्या मेणास ८२ ते ८६ अंश लागतात. नैसर्गिक मेणांत इतकें कठीण व इतकें उष्णता सोसणारें दुसरें क्वचितच. म्हणूनच त्याला जगभर मागणी. १९३५ सालीं अमेरिकेंतील मेण-पॉलिशच्या एका मोठ्या कारखान्याचे मालक हर्बर्ट जॉन्सन हे या झाडांचा शोध घेण्यासाठीं खास विमान घेऊन ब्राझीलला गेले होते, यावरून त्या व्यापाराचें महत्त्व कळेल. मुलांच्या गोळ्याचॉकलेटांच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत '९०३' हा आंकडा असला, तर त्यांवरची चकाकी याच मेणाची समजावी. औषधाच्या कित्येक गोळ्यांवर आणि ओठांस लावावयाच्या रंगांतहि तें असतें. अर्थात् ज्यांनीं कार्नौबाचें नांवहि ऐकलें नाहीं त्यांच्याहि पोटांत तें केव्हांच जाऊन आलें आहे.

या चकाकीची दुसरीहि एक बाजू आहे, ती येथेंच सांगणें बरें. २०१७ सालीं जर्मनींतील सार्वजनिक दूरचित्रवाणीनें एक माहितीपट दाखविला. हीं पानें तोडणाऱ्या कांहीं मजुरांस उघड्यावर झोपावें लागतें, नदीचें न गाळलेलें पाणी प्यावें लागतें, शौचाचीहि सोय नसते, असें त्यांत होतें. त्यावर युरोपांत पुष्कळ चर्चा झाली. एवढीशी डबी हातांत घेतांना तिच्या मागें कोण उन्हांत उभा आहे हें माहीत असावें, इतकेंच आमचें म्हणणें.

आतां मोटारीकडे वळूं. ती आमच्या चिरंजीवांनीं २०१३ सालीं आपल्या नोकरीच्या पैशांतून आम्हांस घेऊन दिली. रंग काळाकुट्ट, तोहि त्यांच्याच आवडीचा. तेव्हां आमच्या कुटुंबानें "मंगलकार्याला काळी गाडी कसली न्यायची?" म्हणून नाक मुरडलें होतें. पण पुढें त्याच मोटारीनें दोन मुंजी, तीन लग्नें आणि एक बाळंतपण पार पाडलें, व नाक आपोआप सरळ झालें. साताऱ्याहून वाई, पांचगणी, पुणें, कोल्हापूर येथवर आम्ही ती स्वतः चालवीत असूं. गेल्या वर्षीं डोळ्यांच्या डॉक्टरांनीं आम्हांस काचबिंदु असल्याचें सांगितलें. या विकारांत समोरचें अक्षर स्वच्छ दिसतें; परंतु बाजूनें येणारें हळूहळू दिसेनासें होतें, आणि तें इतक्या चोरपावलांनीं कीं, ज्याचें जातें त्याला पत्ता नसतो. गेलेली दृष्टि परत येत नाहीं. औषधाच्या थेंबांनीं आहे ती राखावयाची. "पुस्तकं खुशाल वाचा, पण गाडी नको," असें डॉक्टर म्हणाले. बाजूच्या गल्लींतून धांवत येणारें एखादें मूल आम्हांस दिसणार नसेल, तर त्या म्हणण्यावर वाद घालण्यासारखें कांहींच नव्हतें. चिरंजीव परदेशीं. कुटुंबास चालवितां येत नाहीं. मोटार विकावयाचें ठरलें.

हें कळतांच पुण्याहून आमचा भाचा आला व त्यानें एक चपटी डबी आमच्यासमोर ठेविली. "मामा, विकायच्या आधीं हिला जरा तेज आणा. पांढरी गाडी असती तर कशानंहि पुसली असती तरी चाललं असतं. काळीला हेंच लावून बघा."

पांढरी व काळी यांत हा भेद कां, हें आधीं समजून घेण्याजोगें आहे. हल्लींच्या मोटारींवर रंगाचा थर असतो व त्यावर एक पारदर्शक रोगण असतें. त्या रोगणाची जाडी एका मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास. आपण धुळीसकट कोरडें फडकें फिरवितों तेव्हां तींतील वाळूचे कण या रोगणावर केंसासारख्या बारीक रेघा ओढतात. रेघ आली कीं तेथें प्रकाश विखुरतो. पांढरा रंग स्वतःच सगळा प्रकाश विखरून परत पाठवितो, त्यामुळें त्यांत रेघांचा थोडा प्रकाश मिसळला तरी डोळ्यास कळत नाहीं. काळा रंग प्रकाश गिळतो; म्हणून त्याच्या पार्श्वभूमीवर रेघेची लकेर लखकन् उठून दिसते. काळ्या फळ्यावर खडूची पुसट रेघहि शेवटच्या बांकावरून दिसते, तसाच हा प्रकार. उन्हांत आमच्या मोटारीचें बॉनेट पाहिलें म्हणजे सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याचें जाळें विणल्यासारखें दिसे.

चाळीस वर्षें मुलांस 'प्रत्यक्ष' आणि 'अनुमान' हीं प्रमाणें शिकविल्यावर, डबीवरील जाहिरातीस 'शब्दप्रमाण' मानणें आम्हांस जड गेलें. म्हणून परीक्षा घ्यावयाचें ठरविलें. माघाच्या आरंभीं एका सकाळीं मोटार सावलींत घेतली. साबणाच्या पाण्याची एक बादली व फडकें खळबळण्याची दुसरी अशा दोन बादल्या ठेवून ती धुतली, म्हणजे फडक्यांतील वाळू पुन्हां अंगावर जाऊं नये. बॉनेटच्या मधोमध रंगारी लावतात तशी कागदी चिकटपट्टी लाविली. उजव्या अर्ध्या भागास मेण, डावा तसाच. आपले डोळे साक्षीस अपुरे म्हणून शेजारची दहावींतली मुलगी पंच नेमली. कोणत्या बाजूस काय केलें आहे हें तिला सांगितलें नव्हतें.

मेण लावण्याची रीत सोपी, पण घाईची नव्हे. निव्वळ कार्नौबा दगडासारखें कठीण व ठिसूळ असल्यामुळें डबींतील मेणांत इतर मऊ मेणें व पातळ करणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. 'शुद्ध कार्नौबा' असें झांकणावर लिहिलें असलें तरी डबी सगळी कार्नौबाची नसते, हें ग्राहकानें ध्यानांत ठेवावें. स्पंजाच्या टिकलीवर नखाएवढें मेण घेऊन अगदीं पातळ हात फिरवावा. जाड लाविल्यानें गुण वाढत नाहीं, पुसण्याचे श्रम मात्र वाढतात. पत्रा थंड असावा. कांहीं मिनिटांनीं मेणावर धुक्यासारखी पांढुरकी छटा येते. बोट फिरवून पाहावें, डाग न राहतां निघालें म्हणजे मायक्रोफायबरच्या मऊ फडक्यानें पुसून घ्यावें.

पट्टी काढली. सावलींत आम्हांस फारसा फरक दिसला नाहीं. मग मोटार उन्हांत ढकलली. मुलगी म्हणाली, "आजोबा, डावीकडे लिंबाचं झाड दिसतंय, आणि उजवीकडे झाडाचीं पानं दिसतायत." आम्हीं पुष्कळ निबंध तपासले, पण इतक्या थोडक्या शब्दांत इतकें नेमकें वर्णन क्वचितच वाचलें असेल. मेण लाविलेला काळा रंग नुकत्याच भिजलेल्या शाळिग्रामासारखा ओलसर व खोल दिसत होता. जाळें होतेंच, परंतु फिकें झालें होतें. कारण मेण त्या बारीक रेघांत शिरून बसतें व प्रकाश पूर्वीइतका विखरत नाहीं. मात्र डाव्या मागच्या दारावर कोणीतरी खिळ्यानें ओढलेली एक जुनी रेघ आहे, तिजवर नख अडकतें. तेथेंहि मेण लावून पाहिलें. तेथें कांहीं उपयोग झाला नाहीं. नख अडकलें कीं तो मेणाचा प्रांत नव्हे, रंगाऱ्याचा.

मग पंचांनीं दोन्ही बाजूंवर तांब्यानें पाणी ओतलें. डावीकडे तें पसरून राहिलें, उजवीकडे त्याचे मणी झाले व घरंगळले. अळवावरचें पाणी आपण रोज म्हणींत वापरतों, आणि कमलपत्रावरील जलबिंदूचा दृष्टांत तर आपल्या वेदान्ताचा आवडता. त्या पानांवरहि मेणच असतें. कमळाच्या पानावर पाणी कां ठरत नाहीं याचा उलगडा बार्थलॉट व नाइनहुइस या जर्मन शास्त्रज्ञांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केला. त्या पानावर सूक्ष्म उंचवटे असून त्यांवर मेणाचे कण असतात. थेंब त्यांच्या टोंकांवर तरंगतो आणि जातांना धूळ घेऊन जातो. मोटारीवर मेण असतें, पण ते उंचवटे नसतात. म्हणून तिच्यावर थेंबाचे मणी होतात खरे, परंतु कमळासारखी ती आपोआप स्वच्छ होत नाहीं. धूळ दोन्ही बाजूंस सारखीच बसली. उजवीकडची एका पुसण्यांत निघे, एवढाच फरक. दर रविवारीं तांब्याची परीक्षा चालू ठेविली. पांचव्या आठवड्यापर्यंत मणी गोल होते. सहाव्यांत चपटे झाले. फाल्गुनांतील ऊन तापूं लागल्यावर आठव्या आठवड्यांत दोन्ही बाजूंचें पाणी सारखें पसरूं लागलें. म्हणजे आमच्या हवेंत हें तेज दीड-दोन महिन्यांचें. उन्हाळ्यांत घराबाहेर उभ्या असलेल्या मोटारीवर त्याहूनहि कमी, असें धरून चालावें.

इतक्यांत गिऱ्हाईक ठरलें. आमचाच एक जुना विद्यार्थी. कोरेगांवास त्याचें वह्यापुस्तकांचें दुकान आहे. आईला औषधोपचारासाठीं वारंवार पुण्यास न्यावें लागतें, म्हणून त्याला मोटार हवी होती, व ती पाडव्यास दारांत यावी अशी इच्छा. फोनवरच तो म्हणाला, "सर, तुमची गाडी म्हणजे बघायचं काय त्यांत!"

त्या एका वाक्यानें आमची झोंप उडविली. कारण मोटारीचें डावें पुढचें मडगार्ड मूळचें नव्हे. २०१९ सालीं ती रस्त्याकडेला उभी असतां एका टेम्पोनें धडक दिली, तेव्हां तें बदलून रंगवावें लागलें. नवा काळा जुन्याशीं तंतोतंत जुळला नव्हता. उन्हांत किंचित् निळसर दिसे. आम्हीं त्यावरहि मेण लावून पाहिलें होतें, आणि पंचांस विचारलें होतें, "यांत जुना पत्रा कोणता, नवा कोणता?" तिला सांगतां आलें नव्हतें. साध्या उजेडांत दोन्ही सारखेच खोल काळे दिसत होते.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत विक्रीचे नियम आहेत. एकांत दुसरें मिसळलेला, निकस, मापास कमी किंवा दोष झांकलेला माल विकूं नये, असें तेथें सांगितलें आहे. शिवाय खरेदीविक्रीचा पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांच्या आंत माल परत करण्याची मुभा ठेविली आहे. रोमन मूर्तिकार संगमरवराच्या भेगा मेणानें बुजवीत, आणि ज्या मूर्तींत मेण नाहीं ती 'सिनेसेरा', त्यावरूनच इंग्रजींतील 'सिन्सिअर' शब्द आला, अशीहि एक कथा पुष्कळ सांगितली जाते. व्युत्पत्तिशास्त्र ती मानीत नाहीं. पण कथा खोटी असली तरी ती रचणारास मेणाचा स्वभाव ठाऊक होता, यांत संशय नाहीं.

आम्ही कुटुंबास म्हणालों, "मोटार आहे तशीच दाखवावी. मेण नको."

"पाहुणे यायचे म्हणजे आपण घर झाडत नाहीं का?" तिनें विचारलें.

"घर झाडणें निराळें, आणि भिंतीची भेग कॅलेंडरानें झांकणें निराळें."

ती पोळ्या लाटीत होती. हातांतलें लाटणें न थांबवितां ती म्हणाली, "मग भेग आहे असं तोंडानं सांगा ना. मेण न लावल्यानं ती सांगितल्यासारखी होते का? तो तुमचा विद्यार्थी. तो तुमच्या तोंडाकडे बघेल, मडगार्डाकडे ढुंकूनहि बघणार नाहीं. गाडी मळकी ठेवाल, गप्प बसाल, आणि वर म्हणाल, मीं कांहीं झांकलं नव्हतं!"

न्यायशास्त्रांतील सगळे हेत्वाभास आम्ही मनांतल्या मनांत तपासून पाहिले. तिच्या बोलण्यांत एकहि सांपडला नाहीं. मौन हें सत्य नव्हे, आणि मळ हा प्रामाणिकपणा नव्हे. दोष सांगण्याचें काम पत्र्यानें करावयाचें नसतें, पत्र्याच्या मालकानें करावयाचें असतें.

दुसऱ्या दिवशीं सगळ्या मोटारीस मेण लाविलें. बॉनेटच्या कडेस हातभर रुंदीची एक पट्टी मात्र मुद्दाम कोरी ठेविली. मग फुलस्केप कागद घेऊन, मुलांच्या प्रगतिपुस्तकावर शेरे लिहीत असूं त्याच लाल शाईनें, मोटारीचें प्रगतिपुस्तक लिहिलें. डावें पुढचें मडगार्ड २०१९ सालीं बदललेलें, रंग किंचित् निराळा, उन्हांत पाहावें. डाव्या मागच्या दारावर खिळ्याची रेघ, मेणानें जाणारी नाहीं. सर्वांगावर बारीक रेघांचें जाळें, सध्यां मेणामुळें कमी दिसतें, दोन महिन्यांनीं पुन्हां दिसेल. मूळ तेज कोऱ्या पट्टींत पाहावें. दहा दिवसांत मन बदलल्यास मोटार परत, पैसे परत.

विद्यार्थी आला, वाकून नमस्कार केला, कागद हातांत घेऊन दोनदां वाचला. मग कागद खिशांत घालून तो मडगार्डाजवळ ओणवा झाला, उन्हांत डोकें इकडून तिकडे करून पाहूं लागला. पुष्कळ वेळानें म्हणाला, "सर, तुम्हीं लिहिलं नसतंत तर मला कळलं नसतं."

"आम्हांसहि तुझ्याकडून तें कळून घ्यावयाचें नव्हतें," आम्ही म्हणालों.

आम्हीं दोन लाख चाळीस हजार सांगितले होते. कागद वाचल्यावर त्यानें संकोचत पंधरा हजार कमी करा म्हटलें. तें त्यानें म्हटलें याचेंच आम्हांस बरें वाटलें. गुरूच्या भिडेनें तो गप्प बसता, तर कागद लिहिल्याचा अर्थ काय राहिला असता? दोन लाख पंचवीस हजारांस व्यवहार ठरला. पाडव्याच्या सकाळीं झेंडूची माळ घालून तो मोटार घेऊन गेला. वळणापर्यंत ती चांगली दिसत होती. पुढें ती बाजूस वळली, आणि बाजूचें आम्हांस आतां दिसत नाहीं. आज तीन महिने झाले, ती परत आलेली नाहीं.

ज्या वाचकांच्या दारांत काळी वा गडद रंगाची मोटार असेल, त्यांस आमचें सांगणें थोडकें आहे. मेणापेक्षां आधीं धुणें सुधारावें. कोरड्या फडक्यानें धूळ पुसण्याची वॉचमनची रीत बंद करावी. मेण लावावयाचें तर सावलींत, पातळ, दर दोन महिन्यांनीं. त्यानें रंग खोल दिसतो, धुणें सुकर होतें, बारीक रेघा लपतात. मोडलेलें सांधत नाहीं, गेलेला रंग येत नाहीं. आणि विकावयाच्या दिवशीं लाविलें, तर डबीबरोबर एक कागदहि काढून ठेवावा.

आतां आम्ही एस. टी. नें हिंडतों. पासष्ट उलटल्यामुळें आमचें तिकीट अर्धें, आणि २०२३ सालापासून स्त्रियांसहि अर्धें झाल्यामुळें दोघांचें मिळून एकाच तिकिटांत काम भागतें, हा हिशेब आमच्या कुटुंबानेंच मांडला. ती खिडकीशीं बसते आणि रस्त्याच्या कडेचें काय काय आहे तें आम्हांस सांगत जाते. डबींत निम्में मेण उरलें होतें. तें तिनें आमच्या वडिलांच्या सागवानी कपाटास लाविलें आहे, आणि तें कपाट विकावयाचें नाहीं.